नग हजर, आवाज गैरहजर

परिपाठाची पट्टी गाणाऱ्यांच्या गळ्यावरून ठरवावी, असं संगीताच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत ती पेटीतले कोणते सूर चालू आहेत यावरून ठरायची. काळी दोन मुकी होती. पांढरी पाच एकदा दाबली की वर यायचं नाव घेत नसे. वरच्या सप्तकातला एक सूर मात्र कुणी हात न लावताही, भाता हलला की आपणहून वाजायला लागे. एवढ्यांची मर्जी सांभाळून जे उरेल त्यात प्रार्थना बसवायची. त्यामुळे आमची पोरं कधी पांढरी एकमध्ये खाली घुमत, तर कधी काळी चारला चढत आणि आठवीतल्या मुलांचे नुकते फुटलेले आवाज मैदानभर विखरून पडत. पाहुणे आले की म्हणत, "वा! सर, वेगळीच चाल लावलीत हो!" चाल तीच असे. फक्त दोन सूर गाळलेले असत.

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं की आमचं शिंदखेडा ते जिजाऊंचं नव्हे. ते सिंदखेडराजा, बुलढाणा जिल्ह्यातलं. आम्ही धुळे जिल्ह्यातले, बुराई नदीकाठचे, सुरत-भुसावळ रेल्वेवरचे, मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या दोंडाईचाचे तालुकेवाले. आमच्या तबल्याच्या पुड्यांचं पार्सल एकदा आधी जिजाऊंच्या दर्शनाला जाऊन मग आमच्याकडे आलं, एवढाच काय तो आमचा त्या गावाशी संबंध.

सरकारी दप्तरात शाळेची वाद्यं जडसंग्रह नोंदवहीत राहतात. हार्मोनियम, नग एक. तबला-डग्गा, जोड एक. झांज, जोड दोन. बिगुल, नग एक. लेझीम, नग चाळीस. तपासणीला साहेब आले की वहीतली ओळ आणि कपाटातली वस्तू ताडून पाहतात. नग हजर असला की लाल पेनाची बरोबरची खूण पडते. आवाज हजर आहे की नाही, यासाठी वहीत रकानाच नाही. आमच्या बिगुलाला मुखनळी नव्हती, तरी तो कैक तपासण्या पहिल्या फटक्यात पास झाला. एवढा सातत्यपूर्ण निकाल शाळेतल्या एकाही मुलाचा नाही.

वाद्यं ठेवायची जागा म्हणजे पोषण आहाराच्या धान्याची खोली. संगीताची वेगळी खोली नकाशात होती, ती बांधकामात राहून गेली. भाताच्या पोत्यांशेजारी पेटीचा भाता, अशी ती मांडणी. उंदरांच्या दृष्टीनं यापेक्षा सोयीची वसाहत नाही. दुपारचं जेवण पोत्यात आणि वामकुक्षी पेटीत. भात्याला आतून कापड आणि चामड्याच्या पट्ट्या असतात. बाळंतपणाला एवढी मऊ जागा तालुक्याच्या दवाखान्यातही मिळत नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी एका सकाळी तांदूळ मोजता मोजता निकाल दिला, "सर, पेटीमा उंदीरस्नी घर करेल शे." त्या दिवशी प्रार्थनेला भाता हलवल्यावर सुरांबरोबर आतली मंडळीही बाहेर आली. पहिलीच्या वर्गाचा राष्ट्रगीताच्या वेळचा सावधानपणा तेवढा त्या दिवशी टिकला नाही.

मग धुळ्याहून चाचा आले. चाचा पिढीजात पेटीवाले. त्यांनी पेटी सतरंजीवर ठेवली, भाता पूर्ण भरला आणि एकही पट्टी न दाबता नुसते बघत बसले. भाता फुस्सकन बसला. चाचा म्हणाले, "सर, हिच्यात हवा राहत नाही, गावात पाणी राहत नाही, तसं." पेटी तपासायची ही पहिली पायरी. भाता भरून सोडायचा आणि तो किती सावकाश बसतो ते बघायचं. नवी पेटी विकत घेतानाही कुणी हे करत नाही. सगळे आधी पॉलिश बघतात.

त्यांनी स्क्रू काढले, वरची फळी उचलली, आणि आमच्या शाळेचा गेल्या कित्येक वर्षांचा इतिहास उघडा पडला. खडूचे तुकडे. एक राखी. तिळगुळाचा दगड झालेला खडा. सोललेल्या पेन्सिलीचा भुगा. आणि गंधाराच्या छिद्रावर अलगद बसलेलं चार आण्याचं नाणं. चार आणे सरकारनं ३० जून २०११ ला चलनातून बाद केले. आमच्या पेटीनं मात्र ते त्यानंतरही सांभाळून ठेवले होते. त्यापायी गंधार बळी गेला, पण बचत झाली.

आमची पेटी सव्वातीन सप्तकांची, म्हणजे ३९ पट्ट्यांची आणि दुहेरी सुरांची. खर्ज आणि नर मिळून आत ७८ पितळी जिभा. त्यातल्या प्रत्येकीनं आपल्या चौकटीला न घासता थरथरायचं, एवढंच तिचं काम. जीभ आणि चौकट यांच्यातली फट इतकी बारीक की खडूचा कण अडकला तरी सूर मुका होतो. थोडक्यात, पेटीला सगळ्यात वाईट जागा कोणती, तर वर्ग. काळी दोनच्या जिभेखाली चाचांनी पातळ पत्ती सरकवली, जीभ नखानं एकदा टिचकावली, आणि ती सूर बोलली. औषधाला पैसा नाही, वेळ अर्ध्या मिनिटाचा. जो सूर नाही म्हणून आम्ही प्रार्थनेची चाल बदलून घेतली होती, तो इतके दिवस खडूच्या एका कणाखाली दबून बसला होता.

सूर चढलेला-उतरलेला असेल तर इलाज वेगळा. जिभेच्या टोकाला किंचित घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. चाचांनी हे कानसीनं दोनदा करून दाखवलं. सातवीतली एक मुलगी इतका वेळ त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. ती म्हणाली, "चाचा, पत्ती नसली तर?" चाचांनी खिशातून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा काढून दिला. खान्देशात दुसरं काही संपेल, लग्नपत्रिका संपायच्या नाहीत. तेव्हापासून शाळेतल्या मुक्या सुरांचा दवाखाना ती चालवते. परिपाठाआधी पाच मिनिटं, पत्रिकेचा तुकडा हातात. आतापर्यंत तिनं गावातल्या निम्म्या नवरा-नवरींची नावं पेटीत घालून बाहेर काढली आहेत.

मोठा खर्च मात्र भात्याचा. उंदरांनी खाल्लेलं चामडं पत्रिकेनं भरून निघत नाही. त्यासाठी पेटी धुळ्याला न्यावी लागणार होती. म्हणजे पैसे लागणार होते. म्हणजे कागद लागणार होते.

शिंदखेड्याला पाऊस कमी. पेरणीच्या वेळी आम्ही आभाळाकडे बघून मान मोडतो. पण शेताला न पुरणारा पाऊस तबल्याला बरोबर पुरतो. जूनच्या दमटपणात पुडी सैल पडते आणि तबला कुणी नाराज असल्यासारखा बोलतो. त्याआधीचा मे महिना तर आणखी भयानक. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या आसपास, शाळेला सुट्टी, धान्याच्या खोलीवर पत्रे, आणि तबला सुट्टीवर जाण्याआधी गट्टे ठोकून ताणलेला तसाच. शेळीचं कातडं कितीही सोशीक असलं तरी त्यालाही मर्यादा आहे. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी कापड काढावं तर चाटेपासून शाईपर्यंत उभी चीर. सुट्टी लागताना गट्टे वर घेऊन तबला सैल करून ठेवायचा, एवढं केलं तर पुडी वाचते. सुट्टीची परिपत्रकं दहा येतात. त्यांत नळ बंद करा, वीज बंद करा, दाखले वेळेत द्या असं सगळं असतं. तबला सैल करा असं एकातही नसतं.

पुडीवरची ती काळी शाई म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचं मिश्रण. ती थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडानं घासून बसवतात. तबल्याचा स्वच्छ सूर या शाईमुळे. आमच्या पोरांना वाटतं ती फळ्याच्या रंगाची आहे. एकानं तिच्यावर खडूनं पाढा लिहिला होता. तबल्याची हातोडी शाळेत कधीच सापडत नाही. ती भिंतीवर तक्ते ठोकायला गेलेली असते. आणि आठ गट्ट्यांपैकी तीन जागी आमच्या मुलांनी विटीचे तुकडे कापून बसवले आहेत. सांगायला लाज वाटते, पण विट्या गट्ट्यांपेक्षा जास्त टिकल्या.

ढोल-ताशा, साइड ड्रम यांचा डॉक्टर आमच्याकडे एकच, लग्नाचा बँडवाला. पान बदलून देईल, दोऱ्या आवळून देईल, पिचकलेला बिगुल लाकडी ठोकळ्यावर ठेवून सरळही करून देईल. आणि शाळेचं काम म्हणून पैसेही धड घेणार नाही. अडचण त्याच्या पंचांगाची आहे. पंधरा ऑगस्टच्या सुमारास तो मोकळा असतो, पण आपल्याला स्नेहसंमेलनासाठी ड्रम लागतो डिसेंबरात. तुळशीचं लग्न लागलं की बँडवाला देवालाही भेटत नाही. मग गॅदरिंगला ड्रम न वाजता लेझमीच वाजतात, तालाचा भार मुलांच्या पायांवर पडतो, आणि प्रास्ताविकात ते 'पारंपरिक बाज' या नावानं खपून जातं.

पश्चिमेला साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यात पावरी वाजवणारे लोक हे सगळं ऐकून हसतील. भोपळा, बांबू आणि मेण. फुटली तर वाजवणाराच बसून जोडतो. तिथे वाजवणारा आणि दुरुस्त करणारा हे दोन वेगळे इसम नाहीत, आणि त्यांच्यामध्ये तिसरा कारकून तर नाहीच नाही.

आमच्यामध्ये तो आहे. समग्र शिक्षा योजनेच्या नियमात शाळेच्या पटावरून संयुक्त अनुदान ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार, हजाराच्या वर गेला तर एक लाख. त्यात वीजबिल, खडू, झाडू, नळ, कुलपं, किरकोळ दुरुस्ती असं सगळं. शिवाय निदान दहा टक्के स्वच्छतेवर. वाद्यदुरुस्ती त्या 'किरकोळ'मध्ये बसवता येते, पण रांगेत तिच्या पुढे गळकं छप्पर उभं असतं. छप्पर नेहमीच पुढे असतं.

खेळाला मात्र याच योजनेत स्वतंत्र हिस्सा आहे. प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १०, माध्यमिकला २५ हजारांपर्यंत. त्यामुळे आमच्या लेझमी नव्या आहेत, कारण लेझीम ही कवायत. झांज वाजवताना हात हलतो, म्हणून तीही ओढूनताणून बसते. पेटी बसत नाही. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी सुचवलं की भाता मारताना डाव्या हाताला जो व्यायाम होतो त्याचा विचार व्हावा. एक सदस्य म्हणाले, "सर, मग उजव्या हाताचं काय?" ठराव बारगळला.

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा असं आहे. पण कला म्हटलं की आमच्याकडे आधी चित्रकला येते. त्यामुळे पेटी वाजवणारे, चित्रं तपासणारे, निवडणुकीची कामं करणारे आणि खिचडीची चव घेणारे गुरुजी एकच असतात. त्यांना तबल्याचे गट्टे सैल करायला सांगणं हा छळ झाला.

भात्यासाठी तीन कोटेशनं लागली. पंचक्रोशीत पेटी दुरुस्त करणारे चाचा एकटे. म्हणून चाचांचं एक, चाचांच्या मुलाचं एक, आणि तिसरं चाचांच्या ज्या भावाशी त्यांचं बोलणं बंद होतं त्याचं. ते कोटेशन आणायला चाचांना भावाच्या घरी जावं लागलं, आणि त्या निमित्तानं दोघांचं बोलणं सुरू झालं. सरकारी प्रक्रियेचा हा एक फायदा प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. मग जीएसटी बिलाचा मुद्दा निघाला. हातानं बनवलेल्या देशी वाद्यांना जीएसटी माफ आहे, असं सांगितल्यावर कारकून म्हणाले, "हो, पण माफ असल्याचं जीएसटी बिल आणा." शिवाय विकणं आणि दुरुस्त करणं यांत फरक आहे, हेही त्यांनी बरोबर दाखवून दिलं. कारकुनाचं बरोबर असतं, हाच खरा त्रास आहे.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा जुनी पेटी काढून टाका आणि नवी घ्या. काढून टाकायला निर्लेखन करावं लागतं. वस्तू निरुपयोगी झाल्याचा ठराव, समिती, पाहणी, मूल्यांकन, लिलाव. पेटी वाजत नाही हे सिद्ध करायला समितीतल्या एखाद्याला पेटी वाजवता यायला हवी. एका शाळेत समितीपुढे जुनी पेटी नेमकी वाजली आणि बिचारी आणखी काही वर्षं दप्तरात अडकली.

तशी पेटीनं याहून मोठे अपमान पचवले आहेत. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ती पायानं भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची वस्तू होती. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला मांडी घालून बसायला शिकवलं, भाता मागे घेतला, आणि ती देशभर कीर्तनात, नाटकात, शाळेत शिरली. पुढे तिला मींड काढता येत नाही, श्रुती नीट येत नाहीत म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती जवळजवळ तीस वर्षं टिकली. शाळांनी ती बंदी कधी मनावर घेतली नाही. श्रुतींचा प्रश्न आमच्या प्रार्थनेत तेव्हाही नव्हता, आजही नाही.

एक विचार असाही आला होता की पेटी सरळ मिरजेला न्यावी. मिरज म्हणजे वाद्यांचं माहेर. फरीदसाहेब शिकलगारांपासून तिथे सतारी आणि तंबोरे घडतात, भोपळे मंगळवेढ्याकडून येतात, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जायला जळगावाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस आहेच. तिच्यात पेटी मांडीवर घेऊन बसावं. पण चाचा म्हणाले, "मिरज तारांचं गाव, सर. पेटीच्या सुरांसाठी गुजरातेत पालिताणा. आणि भात्यासाठी कशाला कुठे जायचं? कापड, चामडं, सरस आणि बसायला जागा द्या." त्याच मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ एवढे मोठे गवई, पण वाद्य उघडून दुरुस्त करण्यात त्यांचा हात बसलेला होता. आमच्याकडे वाद्य उघडणं हा गुरुजींच्या नोकरीला धोका मानतात. काही मोडलं तर वहीत कुणाचं नाव घालायचं? म्हणून बंद पेटी हीच सर्वांत सुरक्षित पेटी.

आणि आता ब्लूटूथचा स्पीकर आला आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आलं, राष्ट्रगीत होतंच, प्रार्थना होतीच. सगळं मोबाइलवर. बटण दाबलं की पूर्ण वाद्यवृंद. कुठलीच पट्टी मुकी नाही, कुठलीच पुडी फाटत नाही. फक्त एकदा राज्यगीताच्या आधी मैदानभर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात घुमली आणि मुलं सावधान स्थितीत ती पूर्ण ऐकत उभी राहिली. स्पीकरची बॅटरी वर्षात बसली. ती दुरुस्त होत नाही, असं दुकानदारानं आनंदानं सांगितलं. आता स्पीकर जडसंग्रह वहीत आहे. नग एक.

या सगळ्यात शाळेला वाद्य मिळत नाही असं नाही. उलट मिळतं. लोकवर्गणीचं आमच्याकडे मोठं मन आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धाला, मुलाच्या नोकरीला, निवडून आल्यावर आणि कधी पडल्यावरही लोक शाळेला पेटी देतात. हार, नारळ, फोटो, पेटीच्या पुढच्या फळीवर ऑइलपेंटनं नाव. त्या रंगाचे दोन थेंब हमखास पट्ट्यांत ओघळतात आणि मध्यम पहिल्याच दिवशी जाम होतो. शेजारच्या एका शाळेत अशा तीन पेट्या आहेत, तीन घराण्यांच्या. तिन्हींचे मिळून सूर मोजले तर एक पेटी भरते. भाता बदलून दिला म्हणून फोटो छापून आल्याचं मात्र मी आजवर पाहिलेलं नाही.

म्हणून शिंदखेड्यात, दोंडाईच्यात, नरडाण्यात, जिथे कुठे यंदा कुणाच्या मनात शाळेला पेटी द्यायची असेल त्यांनी एवढं करावं. आधी शाळेत जावं, धान्याची खोली उघडायला लावावी आणि तिथली पेटी बाहेर काढून भाता भरून बघावा. बहुतेक जागी पेटी आहे. तिला भाता, तबल्याला पुडी, आणि दोघांना उंदीर शिरणार नाही असा पत्र्याचा पेटारा द्यावा. नव्या पेटीच्या एक चतुर्थांश पैशांतही हे होऊन जाईल. चाचांच्या घरी शाळेचं काम म्हटलं की तिघांपैकी कुणीही येतं. आणि नाव घालायचंच असेल तर जरूर घालावं, पण रंग वाळल्याशिवाय पेटी बंद करू देऊ नये.